नवजात बाळाच्या सुईची वेदना औषधाविना कमी करण्यास मातांना शिकवताना: आधीची तयारी

गोव्यातल्या वाळपई किंवा साखळीसारख्या ठिकाणी बाळंतिणींना एकत्र बसवून हा विषय सांगायचा असेल, तर पहिली तयारी मातांची नव्हे, सुई टोचणाऱ्या सिस्टरची करावी. गेल्या खेपेला नेमके तेच राहिले: मातांनी सगळे नीट ऐकून घेतले, पण ऐन वेळी बाळाला टेबलावर उताणे ठेवण्यास सांगण्यात आले आणि शिकवलेले तिथेच संपले. म्हणून सिस्टरला आदल्या दिवशीच भेटावे, बाळ अंगावर पीत असतानाच टोचण्याचे ठरवून घ्यावे आणि ट्रॉलीशेजारी पाठ टेकता येईल अशी खुर्ची मागून घ्यावी.

बाहुली, दुपटे, तक्ते या शिकवण्याच्या साहित्याविषयी वेगळे सांगायला नको. बोलावे मात्र कोकणीतच.

जन्मानंतर 24 तासांच्या आत हिपॅटायटिस बीची लस, डाव्या दंडावर बीसीजी ही क्षयरोगाची लस, रक्तस्राव टाळण्यासाठी व्हिटॅमिन के आणि तपासणीसाठी टाचेतून रक्त, एवढ्या सुया पहिल्या काही दिवसांतच असतात, हे मातांना ठाऊक हवे. ‘एवढ्याशा जिवाला काय कळते’ असे म्हणणाऱ्या आजीलाही सोबत बसवावे. 1987 मध्ये आनंद आणि हिकी या संशोधकांनी नवजात बाळाच्या वेदनेचे पुरावे एकत्र मांडले, तोवर अनेक डॉक्टरांचीही समजूत तशीच होती. वेदना चेहऱ्यावर कशी दिसते ते दाखवावेच: भुवयांमधली कातडी फुगून येते, डोळे घट्ट मिटतात, नाकापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत खोल घडी पडते.

सर्वांत अधिक वेळ अंगावर पाजण्याला द्यावा. सुईच्या 2 ते 5 मिनिटे आधीच बाळाने पकड धरून नीट गिळायला लागले पाहिजे, आणि टोचताना व नंतरही ते पीत राहिले पाहिजे. नुसते छातीशी धरून पकड बसण्याआधीच टोचले, तर फारसा लाभ होत नाही. पिताना टोचल्यास ठसका लागेल ही भीती मातांपेक्षा टोचणाऱ्यांना अधिक असते, परंतु या पद्धतीच्या अभ्यासांत तसे आढळलेले नाही. हे सिस्टरला आधी सांगा. मातांना दहा वेळा सांगून सिस्टरला एकदाही न सांगणे म्हणजे वेळ वाया घालवणे होय.

पाजणे शक्य नसेल, तर केवळ लंगोट घातलेले बाळ आईच्या उघड्या छातीवर उभे धरावे, किंवा हातपाय दुमडून एक तळवा डोक्यावर आणि दुसरा पायांवर स्थिर ठेवावा. साखरेचे मोजलेले द्रावण रुग्णालयात डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच द्यायचे असते. घरी साखरपाणी नको, आणि मध तर वर्षाच्या आत मुळीच नको, त्यातून बोट्युलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो.

टोचलेली जागा चोळू नये. सहाव्या आठवड्याच्या लसींच्या डोसलाही हेच करावे. त्या दिवशी सिस्टर बदललेली असेल, तर तिलाही आधी सांगावे.