आयर्लंडमधील कारागिरांचे छायाचित्रण : निघण्यापूर्वीची तयारी

आयर्लंडमधील पारंपरिक कारागिरांची छायाचित्रे काढायची असतील, तर कॅमेऱ्याच्या आधी कामाचा हंगाम आणि क्रम समजून घ्यावा. टोपल्यांसाठी वापरले जाणारे, तिकडे ‘सॅली रॉड’ म्हटले जाणारे वाळुंजाचे फोक पानगळीनंतर हिवाळ्यात तोडतात. मात्र डिसेंबरात उजेड जेमतेम साडेसात तास मिळतो, हे धरूनच दिवसाची आखणी करावी.

क्रील, म्हणजे पाठीवर किंवा गाढवाच्या दोन्ही अंगांना लावायची टोपली, उलटी विणतात. उभे फोक जमिनीत रोवून काठापासून सुरुवात होते आणि बूड सर्वांत शेवटी येते. बॉइन नदीवरच्या कातडी होडीचा सांगाडाही हेझलच्या काठ्या अशाच रोवून उलटा उभा करतात. हे ठाऊक नसलेला छायाचित्रकार रोवलेल्या काड्यांचे वर्तुळ पाहून काम अजून सुरूच झालेले नाही असे समजतो, चहा पिऊन येतो आणि काठाच्या विणीला मुकतो. म्हणून कासलबारजवळचे ग्रामजीवनाचे राष्ट्रीय संग्रहालय आधी पाहावे आणि तयार वस्तूंवरून टप्पे लिहून काढावेत.

हर्लिंग खेळाच्या काठीसाठी अ‍ॅश झाडाचा मुळालगतचा बुंधाच लागतो, कारण तिथे लाकडाचे रेषे मुळांकडे वळतात आणि तेच वळण काठीच्या रुंद टोकाला बळकटी देते. या झाडांना मारणारा बुरशीजन्य रोग आयर्लंडमध्ये २०१२ साली आढळला. इथे कारागिराआधी लाकूडच संपण्याची भीती असल्याने उभे झाड, चिरलेला बुंधा आणि फळीवरचे रेषे यांच्यासाठी वेगळा दिवस राखून ठेवावा.

सामानात ट्रायपॉड, अंधाऱ्या शेडमध्ये चालेल अशी मोठ्या अ‍ॅपर्चरची लेन्स, पावसाचे आवरण आणि भारतातून जाणाऱ्यांनी तीन चौकोनी पिनांचा अ‍ॅडॅप्टर घ्यावा. फ्लॅश नेऊच नये, असे माझे मत आहे. हत्याराच्या खुणा त्यात सपाट होतात. भुशाच्या जागी लेन्स बदलू नये.

संमतीपत्र सोपे, एका पानाचे असावे, आणि काय टिपायचे नाही हे कारागिराला आधीच विचारावे. वहीत नाव, गाव, तारीख आणि हत्याराचे स्थानिक नाव नोंदवावे. आयरिश बोलणाऱ्या भागात ते नाव कारागिराकडूनच लिहून घ्यावे, कारण ऐकून केलेले लेखन हमखास चुकते. छापील प्रती टपालाने पाठवण्याचा खर्च सुरुवातीच्याच अंदाजपत्रकात धरावा.