आंबोलीच्या धुक्याआधी: फॉग लाइट बदलायची तयारी

हे काम मृग लागायच्या आत उरका. मेअखेरचा एखादा रविवार, कोरडी जागा आणि समोर सपाट भिंत एवढं आधी ठरवा. दुपारी चारला हात घातला तर अंधार पडेपर्यंत दिवे बसतात आणि लगेच बीम, म्हणजे उजेडाचा झोतही, नीट लावून होतो. कोल्हापूरहून आजरामार्गे सावंतवाडीला उतरणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. जुलैत आंबोलीच्या घाटात बॉनेटपुढचं दिसत नाही, तेव्हा गाडी चालते ती कडेच्या पांढऱ्या पट्टीवर. फॉग लाइटने ती पट्टी आणि कठडा दाखवला म्हणजे त्याचं काम झालं.

नवीन दिवे घेण्याआधी जुने नीट बघा. काच दगडांनी टवकली आहे का, आत पाणी आहे का, दिवा ब्रॅकेटमध्ये हलतो का? मग रात्री गाडी भिंतीसमोर उभी करून फक्त फॉग लाइट लावा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. खाली रुंद पसरलेला उजेड दिसेल आणि वर तो सुरीने कापल्यासारखा सरळ थांबलेला असेल. ही वरची रेघ फार महत्त्वाची. उजेड तिच्या वर गेला की धुक्याच्या थेंबांवर आपटून आपल्याच डोळ्यांत परत येतो.

मी हे चुकून शिकलो. दोन वर्षांपूर्वी जुन्याच दिव्यात नुसते एलईडी बल्ब घातले होते. गावात रस्ता लख्ख दिसायचा, मी खूश होतो. घाटात शिरलो आणि समोर पांढरा पडदाच उभा राहिला. वर समोरून येणारा प्रत्येक जण डिपर मारत होता, आणि त्यांचं बरोबर होतं. हॅलोजनची तार ज्या जागी असते तिच्याभोवती रिफ्लेक्टर बेतलेला असतो. एलईडीची चिप तिथून जराशी जरी सरकली तरी उजेड विखुरतो. म्हणून माझं मत ठाम आहे, नुसता बल्ब नको, एलईडीसाठीच बनवलेला पूर्ण दिवा घ्या. कंपनीच्या दिव्याला मंजुरी त्याच्या हॅलोजनसकट मिळालेली असते, त्यामुळे कायद्याच्या बाजूनेही पूर्ण दिवाच बरा. काचेवर मंजुरीची खूण, म्हणजे वर्तुळातला ई, आणि फॉग लाइटचं बी किंवा एफ३ हे अक्षर शोधा. रंग पांढरा किंवा पिवळा, निळसर अजिबात नको. मी ३००० केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप) पिवळा घेतला. पिवळा उजेड धुकं भेदून जातो असं दुकानदार सांगतात, पण ते खरं नाही, धुक्याच्या थेंबांना रंगाने फारसा फरक पडत नाही. तरी निळा भाग कमी असल्यामुळे तासभर घाट उतरताना डोळे कमी शिणतात, आणि मला तेवढं कारण पुरेसं आहे.

दुकानात जाताना मापं सोबत हवीत. काचेचा व्यास, स्क्रूच्या भोकांमधलं अंतर, आणि दिव्यामागे बंपरमध्ये किती जागा आहे ते, कारण एलईडीचा हीटसिंक, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारा मागचा धातूचा भाग, लांब असतो. होल्डरवरचा नंबरही वाचा. एच८ म्हणजे ३५ वॅट, एच११ म्हणजे ५५, एच१६ म्हणजे १९. तिघांची तोंडं जवळपास सारखी दिसतात, म्हणून फोटोच दाखवलेला बरा. पाण्यासाठी आयपी६७, म्हणजे धूळ-पाणी आत न शिरू देणारा दर्जा, मागा. पंखा असलेला प्रकार टाळा, चाकाचा चिखल थेट तिथेच उडतो.

वायर कापायची नाही, ही अट दुकानदाराला आधीच सांगा. कपलरला कपलर (वायरच्या टोकाचा प्लग) जोडणारा हार्नेस, म्हणजे तयार वायरसंच, मिळतो आणि वॉरंटीचा वादही उरत नाही. ५५ वॅटचे दोन बल्ब मिळून साधारण ९ अँपिअर ओढतात, एलईडी त्याहून बरंच कमी. त्यामुळे फ्यूज आहे तोच राहू द्या, मोठा घालू नका. नव्या गाड्यांत दिवा लुकलुकला किंवा डॅशबोर्डवर इशारा आला तर डीकोडर, म्हणजे गाडीला हॅलोजनच जोडल्यासारखं भासवणारा छोटा डबा, लागतो, तो परत करायच्या बोलीवर आणा.

हत्यारं थोडीच लागतात. दहा नंबरचा पाना बॅटरीची निगेटिव्ह काढायला, स्टार स्क्रू ड्रायव्हर, प्लॅस्टिकचं ट्रिम टूल, मल्टिमीटर, केबल टाय, डायइलेक्ट्रिक ग्रीस (जोडांना ओल लागू न देणारं), हातातला टॉर्च आणि मास्किंग टेप. शिवाय सात-आठ जादा क्लिपा. बहुतेक गाड्यांत स्टीअरिंग पूर्ण वळवून चाकामागचं लायनर, म्हणजे प्लॅस्टिकचं अस्तर, थोडं सोडलं की दिव्यापर्यंत हात पोचतो. त्या लायनरच्या क्लिपेची मधली खुंटी आधी अलगद उचलावी लागते, मग क्लिप निघते. जोर केला तर खुंटी तुटते आणि रविवारी संध्याकाळी तसली क्लिप कुठेच मिळत नाही. होल्डर पाव फेरा डावीकडे फिरवला की सुटतो. त्याची रबरी रिंग जपा, तीच पाणी अडवते. नवा दिवा पेटला नाही तर घाबरू नका. हॅलोजनला प्लस-मायनसचं काही नसतं, एलईडीला असतं. प्लग उलटा लावून बघा.

बीम लावायला गाडी भिंतीपासून २५ फूट, टायरमध्ये हवा बरोबर आणि सीटवर माणूस बसलेला. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर टेपने खुणवा आणि उजेडाची वरची रेघ त्या खुणेच्या ४ इंच खाली येईपर्यंत ॲडजस्टर, म्हणजे दिवा वर-खाली करणारा स्क्रू, फिरवा. पहिल्या दिवशीचा फोटो इथे कामाला येतो, शेजारी धरून पसारा ताडून बघा.

पहिल्या मोठ्या पावसानंतर काचेत आतून डोकवा. एलईडीची काच हॅलोजनसारखी तापत नाही, त्यामुळे आत शिरलेली ओल लवकर सुकत नाही. थेंब साचलेले दिसले तर दिवा परत करा. बिल आणि जुने दिवे तोवर जपून ठेवा.