‘लाइट बिल धरून’ खोली घेताना या चुका टाळा

पुण्यात जूनच्या सुमारास खोल्यांची शोधाशोध सुरू झाली की ‘लाइट, पाणी सगळे धरून’ हे शब्द हमखास कानावर येतात आणि शहरात नव्याने आलेली मुले तेवढ्यावर होकार देऊन टोकनचे पैसेही पाठवून मोकळी होतात. गेली बारा वर्षे मी या शहरात भाड्याने राहतो आहे आणि ओळखीच्यांना खोल्या पाहायला मदतही करतो. ‘धरून’ म्हणजे नेमके काय धरले आहे, कितीपर्यंत धरले आहे आणि कोणाच्या मीटरवर धरले आहे, हे तीन प्रश्न न विचारल्यामुळे होणारे नुकसान मी इतक्या वेळा पाहिले आहे की आता ते स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे तोंडी ठरलेले करारात उतरवून न घेणे. लिव्ह अँड लायसन्स करारासाठी बहुतेक एजंट एकच तयार मसुदा वापरतात आणि त्यात ‘मेन्टेनन्स मालकाने भरावा, वीजबिल भाडेकरूने भरावे’ अशा अर्थाची वाक्ये आधीच असतात. म्हणजे वीज भाड्यात धरल्याचे तोंडी सांगितले जाते आणि अंगठा मात्र त्याच्या नेमक्या उलट मजकुरावर उमटतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक असून नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. परंतु नोंदणी होते ती कागदावर जे लिहिले आहे त्याचीच. म्हणून अंगठा देण्यापूर्वी मसुदा मागवून घ्यावा आणि दरमहा किती युनिटपर्यंतची वीज भाड्यात आहे व त्यापुढील युनिटचा दर काय, हे एका वाक्यात घालून घ्यावे. ‘नंतर बघू’ म्हणणाऱ्या एजंटाला मी तिथेच थांबवतो.

हा धडा मला कर्वेनगरच्या एका खोलीत मिळाला. महिन्याला 100 युनिटपर्यंत वीज भाड्यात आणि पुढे युनिटला 12 रुपये, असे मालकांशी तोंडी ठरले होते. माझ्याकडे पंखे, दोन ट्यूबलाइट आणि लहान फ्रिज एवढेच असताना सब-मीटरवर, म्हणजे मालकांनी फक्त माझ्या खोलीसाठी लावलेल्या वेगळ्या मीटरवर, दर महिन्याला 160 ते 170 युनिट पडत आणि मी निमूटपणे सात-आठशे रुपये जास्तीचे देत असे. दिवाळीत फ्रिज रिकामा करून, खोलीचा मेन स्विच बंद करून मी बारा दिवस गावी गेलो आणि परत आलो तेव्हा मीटर 38 युनिट पुढे गेलेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या टाकीत पाणी चढवणारा पंप सुरू होताच माझ्या मीटरवरचा लाल दिवा भराभर लुकलुकू लागला, तेव्हा उलगडा झाला. एक हॉर्सपॉवरचा तो पंप तासाला साधारण एक युनिट वीज घेत होता, रोज तीन तास चालत होता आणि त्याची वायर माझ्या सब-मीटरनंतर व मेन स्विचच्या आधी जोडलेली होती. माझ्या 100 युनिटांपैकी सुमारे 90 युनिट संपूर्ण इमारतीच्या पाण्यासाठी खर्च होत होते. मालकांनी वायर बदलली. मात्र आधीच्या सात महिन्यांचे पैसे परत मागायला माझ्याकडे आधार नव्हता, कारण करारात तेच तयार वाक्य होते.

तेव्हापासून मी खोलीचा मेन स्विच बंद करून सब-मीटरचा दिवा पाहिल्याशिवाय टोकन देत नाही, आणि तेही पंप चालू असण्याच्या वेळी, कारण एरवी पाच मिनिटे पाहून काहीच कळत नाही. शिवाय 2000 वॉटचा गीझर एकटाच पंधरा मिनिटे चालवून पाहतो. रीडिंग अर्ध्या युनिटने वाढायला हवे. त्याहून बरेच वाढले तर मीटर जलद पळतो आहे. दहा मिनिटांत खोली पाहून पैसे पाठवणाऱ्यांना हे वेळखाऊ वाटते, पण त्यानंतरचे अकरा महिने त्यांनाच काढायचे असतात.

एका मीटरवर अनेक खोल्या असतील तर आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. महावितरणचा घरगुती दर 100, 300 आणि 500 युनिटांच्या टप्प्यांवर चढत जातो. चार खोल्या प्रत्येकी 90 युनिट वापरत असतील, तर स्वतंत्र मीटरवर प्रत्येक जण पहिल्याच टप्प्यात राहील; एकत्रित मीटरवर 360 युनिट होऊन बिल तिसऱ्या टप्प्यात पोहोचते. म्हणून जास्तीच्या युनिटचा दर मालक सांगतील तो मान्य करण्यापूर्वी मागील उन्हाळ्याचे एक बिल पाहायला मागावे.

पाणी धरले असेल तर टँकरची वर्गणीही धरली आहे का, ते विचारावे. एसी पुढे कधी लावण्याचा विचार असेल तर तो आधीच सांगावा. गॅस आणि वायफाय ‘सगळ्यात’ असतात असे गृहीत धरू नये.

बिल मालक भरतात म्हणून निश्चिंत राहणे हीदेखील चूकच आहे. थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी विद्युत अधिनियम, 2003 च्या कलम 56 नुसार पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, पण ती ग्राहकाच्या, म्हणजे मालकाच्या नावे निघते आणि अंधार भाडेकरूच्या खोलीत होतो. मी बारा अंकी ग्राहक क्रमांक पहिल्याच दिवशी लिहून घेतो आणि दर महिन्याला महावितरणच्या ॲपवर थकबाकी तपासतो. त्याच दिवशी सब-मीटरच्या रीडिंगचा फोटो मालकांना व्हॉट्सॲपवर पाठवतो, आणि खोली सोडताना त्यांच्यासमोर शेवटचे रीडिंग घेऊन डिपॉझिटचा हिशेब तिथेच लिहून घेतो.