सिलिका टाकली की ब्लेंड जमला? या चुका टाळा

पॉलिस्टायरीन आणि पीएमएमए (अॅक्रिलिक) ही दोन प्लॅस्टिकं वितळवून कितीही घुसळा, त्यांचा ब्लेंड, म्हणजे मिश्रण, एकजीव होत नाही. एकात दुसऱ्याचे थेंब राहतात. थोडी नॅनो-सिलिका (सिलिकेची अतिसूक्ष्म पूड) घातली की थेंब बारीक दिसतात आणि रिपोर्टमध्ये लगेच येतं, 'सिलिकेमुळे दोन्ही मिसळले.' हे वाक्य खोडून खोडून मी थकलोय. बहुतेक वेळा कणांनी थेंबांचं एकमेकांत विलीन होणं फक्त लांबवलेलं असतं. एकतर वितळलेला माल घट्ट होतो, नाहीतर कण दोन प्लॅस्टिकांच्या सीमेवर दाटीने बसून थेंबांना भिडू देत नाहीत.

मुंबईतल्याच एका प्रयोगशाळेत एक मुलगा मिक्सरमधून काढल्या काढल्या नमुना थंड करून फोटो घ्यायचा. फोटो देखणे, सबमिशन तोंडावर. म्हटलं, हाच तुकडा २०० अंशांवर तासभर ठेव. कुरकुरत ठेवला. थेंब चांगलेच फुगले होते आणि सिलिका जवळपास सगळी पीएमएमएच्या पोटात, सीमेवर नावालाही नाही. साध्या सिलिकेवरचे हायड्रॉक्सिल गट पीएमएमएच्या कार्बोनिलशी हायड्रोजन बंध करतात, ती तिकडेच ओढली जाणार. "मग सर, कुठली घ्यायची?" सीमेवर कण हवे असतील तर पृष्ठभागावर प्रक्रिया केलेली सिलिका बघावी लागते, आणि हा प्रश्न मिक्सर लावायच्या आधी विचारायचा असतो.

मी प्रत्येक ब्लेंडचे तीन तुकडे करतो: एक लगेच थंड, एक दहा मिनिटं तापवलेला, एक तासभर. सोबत बिनसिलिकेचा ब्लेंडही तसाच. 'वेळ नाही' म्हणून नेमका तोच गाळतात. मग तुलना कशाशी करणार?

सगळं एकदम ओतणंही मला खपत नाही. सिलिका आधी पॉलिस्टायरीनमध्ये घातली तर ती नंतर पीएमएमएकडे सरकते आणि मिक्सर मध्येच थांबवला तर वाटेत सीमेवर अडकलेली सापडते. म्हणून आधी काय घातलं आणि किती मिनिटं फिरवलं, हे वहीत हवंच.

पावसाळ्यात सिलिकेचा डबा उघडा ठेवू नका. ओल धरते, आणि मग बुडबुडे थेंब म्हणून मोजले जातात.

डीएससीत (नमुना तापवत त्यातले उष्णतेचे बदल मोजणारी चाचणी) एकच पायरी दिसली म्हणजे दोन्ही मिसळले, असं समजून खूश होऊ नका. पॉलिस्टायरीनचं काचसंक्रमण (कडक प्लॅस्टिक मऊ पडू लागण्याचं तापमान, जिथे ही पायरी दिसते) १०० अंशांच्या आसपास, पीएमएमएचं त्याच्या जवळच. दोन पायऱ्या एकमेकींत लपतात. त्यापेक्षा नमुना मोडा, कोमट सायक्लोहेक्झेन या द्रावकाने पॉलिस्टायरीन धुऊन काढा आणि उरलेलं सूक्ष्मदर्शकाखाली बघा. सायक्लोहेक्झेन गार असेल तर पॉलिस्टायरीन नीट विरघळत नाही, आणि ज्वलनशील असल्याने ते वाफा ओढून घेणाऱ्या फ्यूम हूडमध्येच, उघड्या ज्योतीपासून लांब तापवा.