ब्राझीलला राहायला चाललाय? निम्मी कामं सोलापुरातच उरकून घ्या

आपल्याकडची पोरं पुणे, हैदराबाद करत करत कुठंही पोचतात, त्यात आता एखाददुसरा कंपनीकडनं ब्राझीलला निघालेला पण भेटतो, आणि जायचं ठरलं की घरचे विचारणार काय, तर तिकडं जेवायचं काय न् थंडी किती. जेवणाचं होतंय हो कसंही. खरा घोळ असतोय कागदांचा. इथं महापालिकेत दोन चकरा मारून जे काम होतंय तेच साओ पावलोत बसून करायला गेलं की भावाला फोन, मग एजंट, मग कुरिअर, असं करत महिने जातात. म्हणून आधी कागदांचं सांगतो, बाकीचं मागाहून.

ब्राझीलमध्ये कुठलाही फॉर्म घ्या, त्यात आईचं नाव विचारलेलं असतंयच. बँक, दवाखाना, पोलिसांकडची नोंदणी, सगळीकडं. वडलांच्या नावाचा रकाना एकवेळ रिकामा चालेल पण आईचा नाही. आता आपल्याकडं काय असतंय, जन्मदाखल्यावर आईचं नाव एक, पासपोर्टवर दुसरं, शाळेच्या दाखल्यावर नावापुढं बाई लावलेलं, आणि पूर्व भागातल्या तेलुगू घरांत तर आडनाव एका कागदावर पुढं न् दुसऱ्यावर मागं. इथं कोण विचारत नाही, तिकडं मात्र तेच स्पेलिंग तुमच्या ओळखपत्रावर छापलं जातंय आणि मग बँकेत एक, पोलिसांकडं दुसरं असं झालं की बसा. जुन्या जन्मदाखल्यांवर तर बऱ्याचदा बाळाचं नावच नसतं, नुसतं मुलगा किंवा मुलगी लिहिलेलं असतं, ते आधी जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर जाऊन चढवून घ्या. तुमचा, बायकोचा, पोरांचा जन्मदाखला आणि लग्नाचा दाखला, एवढे कागद पासपोर्टशी एकेका अक्षराने जुळवायचे. बायकोच्या पासपोर्टवर माहेरचं नाव असेल तर राहू द्या की, बदलायची काही गरज नाही, फक्त सगळीकडं एकच पाहिजे.

जुळलं की मग अपॉस्टिल, म्हणजे आपला कागद खरा आहे असा परदेशात चालणारा सरकारी शिक्का. आधी राज्य सरकारचं अटेस्टेशन आणि त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. ब्राझील 2016 पासून अपॉस्टिल मानतंय, त्यामुळं वकिलातीत परत वेगळं खरं करून घ्यायची भानगड राहिली नाही. एजंट लोक काय करतात, पोर्तुगीज भाषांतर पण इथंच करून देतो म्हणून पैसे मागतात, ते देऊ नका. तिकडच्या सरकारी कामाला तिथल्याच नोंदणीकृत भाषांतरकाराचं भाषांतर लागतंय, इथलं चालत नाही. फार तर व्हिसासाठी मुंबईच्या ब्राझील वकिलातीने काही मागितलं तर तेवढंच करा.

अजून दोन-तीन इथलीच कामं. आधारला आणि बँकेला जोडलेलं जे सिम आहे ते बंद पडू द्यायचं नाही, रोमिंग चालू करून घ्या म्हणजे तिकडं ओटीपी येतील, यात लई जण अडकतात कारण नंबर गेला की इथलं सगळं कुलूपबंद. बचत खातं एनआरओ, म्हणजे परदेशात राहणाऱ्याचं इथलं रुपयातलं खातं, करून घ्या, नियमच आहे तसा. आणि घर, प्लॉट, शेती काही नावावर असेल तर ज्याच्यावर भरवसा आहे त्याच्या नावानं मुखत्यारपत्र करून ठेवा, नंतर त्याच कामासाठी साओ पावलोतल्या भारतीय वकिलातीत रांग लावायची म्हणजे रजा टाकणं आलं.

आता तिकडं उतरल्यावर. पहिला नंबर सीपीएफचा. हा अकरा आकडी नंबर तिथल्या इन्कम टॅक्स खात्याकडनं मिळतो पण त्याचा टॅक्सशी संबंध नावापुरताच, सिम घ्यायला सीपीएफ, ऑनलाइन काही मागवायला सीपीएफ, मेडिकलमध्ये डोकेदुखीची गोळी घ्यायला गेलात तरी काउंटरवरची बाई मान वर न करता आधी सीपीएफ विचारते कारण त्याच्यावर डिस्काउंट असतोय. हा नंबर वकिलातीमार्फत निघायच्या आधीसुद्धा काढता येतो, तर काढूनच जा, पहिले पंधरा दिवस लई सोपे जातात.

दुसरं काम फेडरल पोलिसांकडची नोंदणी. कामाच्या व्हिसावर गेलात तर देशात शिरल्यापासून 90 दिवसांत ती करायची असते, आणि मोठ्या शहरात अपॉइंटमेंट पटकन मिळत नाही, त्यामुळं 90 दिवस आहेत म्हणून निवांत बसू नका, पहिल्याच आठवड्यात साइटवर तारीख धरा. फी भरल्याची पावती, फोटो, पासपोर्ट आणि ते अपॉस्टिलवाले कागद न्यायचे. ते आधी एक कागदी पावती देतात, कार्ड नंतर येतं, आणि तोपर्यंत ती पावतीच तुमचं ओळखपत्र, तर तिचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

पैशाचं आपल्याला जड जात नाही. नोव्हेंबर 2020 मध्ये तिथल्या रिझर्व्ह बँकेने पिक्स काढलं, म्हणजे आपलं यूपीआयच, नारळपाणीवाल्याकडं पण क्यूआर कोड. फक्त आपलं यूपीआय तिथं चालणार नाही, खातं उघडेपर्यंत इंटरनॅशनल कार्ड दोन वेगवेगळ्या बँकांचे ठेवा.

घर भाड्यानं घेताना डोळे उघडे ठेवा. जाहिरातीत नुसतं भाडं मोठ्या अक्षरात असतंय, त्यात सोसायटीचा मेंटेनन्स आणि घरपट्टी वेगळी मिळवायची, दोन्ही साधारणपणे भाडेकरूच भरतो, आणि चांगल्या बिल्डिंगचा मेंटेनन्स ऐकून चक्कर येते. मग विचारतात जामीनदार कोण. जामीनदार म्हणजे त्याच शहरात स्वतःची प्रॉपर्टी असलेला माणूस, आता सोलापूरहून गेलेल्याला तो कुठनं मिळणार, तर दोन रस्ते आहेत, एक म्हणजे डिपॉझिट, जे कायद्यानं तीन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि दुसरा भाड्याचा विमा, ज्याचे पैसे परत मिळत नाहीत. जमलं तर डिपॉझिटच पकडा. करार बहुतेक 30 महिन्यांचा असतो, आधी सोडला तर दंड, पण कंपनीनेच दुसऱ्या गावाला बदली केली तर 30 दिवस आधी लेखी कळवून दंडाशिवाय सोडता येतं, हे कायद्यातच आहे, एजंट आपणहून सांगायचा नाही. आणि रिकामा फ्लॅट म्हणजे खरंच रिकामा, शेगडी नाही, फ्रिज नाही, कधी कधी दिवेसुद्धा काढून नेलेले. किल्ली घेताना घराच्या अवस्थेचा एक रिपोर्ट देतात, त्यावर डोळे झाकून सही करू नका, भिंतीवरचा ओरखडा न् ओरखडा फोटो काढून कळवा, नाहीतर सोडताना रंगकाम तुमच्या डोक्यावर.

बाथरूममध्ये गिझर शोधू नका, गरम पाणी शॉवरच्या तोंडातच होतं, वायरी वरनं लोंबत असतात, बघूनच भीती वाटते पण तिथं घराघरात तेच आहे. त्यावर उन्हाळा-हिवाळा असं बटण असतं, ते पाणी चालू असताना फिरवायचं नाही. पाणी अजून गरम पाहिजे तर नळ कमी करायचा.

आणि मिक्सर नेऊ नका! आयाबाया बॅगेत पहिला तोच भरतात. साओ पावलो शहरात घरातल्या साध्या प्लगला 127 व्होल्ट असतंय, आपला 230 चा मिक्सर तिथं नुसता कण्हतो, चटणी काय होत नाही. फ्लोरियानोपोलिस, ब्राझिलिया असल्या काही शहरांत 220 आहे, तिथं चालेल, पण प्लगच्या पिना वेगळ्याच, ॲडॅप्टर लागणारच. मोबाइल-लॅपटॉपच्या चार्जरला काही होत नाही. मिक्सरपेक्षा प्रेशर कुकरची शिट्टी-रबर आणि एक छोटा खलबत्ता न्या, शेंगा चटणी तशीही कुटलेलीच चांगली लागते.

शेंगदाण्याचं म्हणाल तर चिंताच नाही, पोत्यानं मिळतात, त्यांची पासोका नावाची शेंगदाणा कुटून केलेली वडी तर आपल्या लाडवाची बहीणच. भाजा, लसूण-जिरं-मीठ घाला, कुटा, फक्त लाल तिखट मात्र सोलापूरचं न्या, तिथली पाप्रिका नुसती रंगाला, तिखटपणा शून्य. काळा मसाला पण न्या. जिरं, हळद, हरभरे, मसूर सगळं मिळतं, साओ पावलोत ब्रास भागात धान्य-मसाल्याची घाऊक पेठ आहे, झोना सेरेयालिस्टा म्हणतात, तिथं एकदा गेलात की महिन्याचं भागतं. साबुदाण्याची खिचडी सुद्धा होते, सागू म्हणून पाकीट मिळतं, तेही कसाव्याच्याच पिठाचं, तिथले लोक ते वाइनमध्ये शिजवून गोड करून खातात, आपण भिजवून दाण्याचं कूट घालायचं, एकादशी झाली. अडचण होते ती ज्वारीची. ज्वारी तिकडं ढीग पिकते पण ती जनावरांच्या खाद्याला, माणसांसाठी ग्लुटेन नसलेल्या पदार्थांच्या दुकानात छोट्या पाकिटात पीठ मिळतं न् भाव मालदांडीला लाजवेल असा. त्यामुळं जाताना कडक भाकरीचे पुडे भरा, टिकतात लई दिवस. सामान मात्र पॅक केलेलं, लेबल लावलेलं न्या, विचारलं तर सांगून मोकळं व्हा, आणि बियाणं, ताजा कढीपत्ता, फळं असलं काही नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात.

शाकाहारी लोकांनी एक ध्यानात ठेवायचं, मटण नको म्हटलं की वेटर मनापासून हो म्हणतो आणि चिकन किंवा हॅम घालून आणतो, त्याच्या हिशेबात ते मटण नसतंय. प्रत्येकाचं नाव घेऊन विचारायचं, कोंबडी आहे का, हॅम आहे का, घेवड्याच्या रश्श्यात डुकराचा तुकडा आहे का. सगळ्यात बरं म्हणजे किलोवर जेवण देणारी हॉटेलं, आपल्या हातानं ताटात वाढून घ्यायचं, वजन करायचं, पैसे द्यायचे. आणि आठवडी बाजार असतो रस्त्यावरच, तिथं उसाचा रस न् चीज भरून तळलेला गरम पास्तेल, हे आठवड्यातनं एकदा झालंच पाहिजे.

ऑफर लेटर बघताना महिन्याचा आकडा बघून तोंड वाकडं करू नका. तिथल्या कामगार कायद्याखाली नोकरी असेल तर तेरावा पगार मिळतो, वर्ष भरलं की 30 दिवसांची पगारी सुट्टी आणि त्यावर पगाराचा एक तृतीयांश जास्तीचा, शिवाय कंपनी पगाराच्या 8 टक्के वेगळ्या खात्यात तुमच्या नावानं भरते. उलट बाजूला टॅक्स वरच्या पगाराला 27.5 टक्क्यांपर्यंत जातो. तर वर्षाचा हिशेब करून मगच हो म्हणा.

दवाखाना सरकारी पूर्ण फुकट, परदेशी माणसाला पण, अँब्युलन्सला 192 लावायचा. पण रांगा असतात म्हणून कंपनीचा मेडिक्लेम बहुतेक असतो, त्यात थांबायची मुदत किती ते आधीच विचारा, कारण स्वतः घेतलेल्या प्लॅनमध्ये बाळंतपणाला 300 दिवसांपर्यंत थांबवू शकतात, म्हणजे घरात पाळणा हलायचा असेल तर ते आधी बघायचं. आणि आपल्याकडं मेडिकलवाल्याला ताप आहे म्हटलं की तो ॲन्टिबायोटिक काढून देतो तसं तिकडं होत नाही, डॉक्टरची चिठ्ठी लागते आणि तिची एक प्रत दुकानदार ठेवून घेतो. कायमची गोळी चालू असेल तर औषधाच्या मूळ नावासकट चिठ्ठी लिहून आणा, ब्रँडचं नाव तिथं कोणाला कळत नाही.

चोरीचं फार घाबरू नका पण रस्त्यात उभं राहून मोबाइल बघू नका, सायकलवरनं येऊन हातातला ओढून नेतात. कॅब बघायची तर दुकानात शिरा. बँकेचं ॲप ज्या फोनमध्ये आहे त्याची पिक्सची मर्यादा कमी करून ठेवा, रात्री 8 ते सकाळी 6 ती मुळात 1000 रेआल (तिथलं चलन) असते, दिवसाची तुम्ही ठरवायची.

पोरांची शाळा फेब्रुवारीत सुरू होते, आपली जूनमध्ये, त्यामुळं मधल्या महिन्यांचं काय करायचं ते आधी ठरवा, जमलं तर डिसेंबर-जानेवारीत घर हलवा. पहिलीला 31 मार्चपर्यंत सहा पूर्ण पाहिजेत, आपलं पोर एक वर्ष मागं-पुढं होऊ शकतं. लसीचं कार्ड विसरू नका. आणि जून-जुलैत तिकडं थंडी, घरात हीटर बहुतेक नसतोच, तेव्हा आपली सोलापुरी चादर कामाला येते, जड आहे म्हणून घरी ठेवू नका.

घरी फोन करायचं गणित सोपं, साओ पावलोच्या आपण साडेआठ तास पुढं, आणि 2019 मध्ये त्यांनी उन्हाळ्यातलं घड्याळ पुढं करायचं बंद केल्यापासून वर्षभर तेवढाच फरक. तिकडं सकाळी सातला लावला की इथं दुपारचे साडेतीन.

डिसेंबर-जानेवारी तिकडच्या शाळांना मोठी सुट्टी, म्हणजे संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेला येणं बरोबर जमतं. येताना मात्र यलो फीव्हरच्या लशीचं सर्टिफिकेट हँडबॅगेतच पाहिजे, चेक-इनच्या सामानात नाही. ब्राझीलहून येणाऱ्याकडं ते नसेल तर आपल्या विमानतळावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी सर्टिफिकेट लागू होतं आणि मग जन्मभर चालतं, तर निघायच्या आधीच सरकारने नेमून दिलेल्या केंद्रावर घेऊन टाका, खाजगी दवाखान्यातली पावती चालत नाही. राहिलीच तर तिकडच्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, पण आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेट तिथल्या आरोग्य खात्याच्या साइटवरनं वेगळं काढावं लागतं. नऊ महिन्यांच्या आतल्या बाळाला साधारणपणे लस देत नाहीत, तसलं बाळ बरोबर असेल तर तिकीट काढायच्या आधी डॉक्टरशी आणि वकिलातीशी बोलून घ्या.