दोन रोपवेंच्या मधली डोंगरधार : एकमार्गी चालीचे नियोजन

एका दरीतून रोपवेने माथ्यावर जायचे, तिथून डोंगराची धार पायांनी पार करायची आणि धारेच्या दुसऱ्या टोकाच्या रोपवेने पलीकडे उतरायचे, असा हा चालीचा प्रकार आहे. पायथ्यापासूनचा दमवणारा चढ आणि गुडघ्यांची परीक्षा पाहणारा शेवटचा उतार दोन्ही टळतात, आणि दिवसाचे सगळे तास खऱ्या अर्थाने उंचावर घालवता येतात. म्हणूनच ज्यांना दोन हजार मीटरचा चढ झेपणार नाही अशा माणसांनाही ही चाल खुणावते. परंतु तिच्या नियोजनात एक गोष्ट इतर भटकंतीपेक्षा वेगळी आहे. निघालो तिथेच परतायच्या वाटेवर उशीर झाला, तर बहुधा अंधारात तासभर जास्त चालावे लागते एवढेच. इथे मात्र पलीकडच्या रोपवेची शेवटची फेरी दहा मिनिटांनी चुकली, तर दमलेल्या पायांपुढे हजार-बाराशे मीटरचा उतार उभा राहतो. त्यामुळे या चालीचे नियोजन सुरुवातीपासून पुढे न करता शेवटापासून मागे करावे, असे माझे ठाम मत आहे.

चाल निवडताना आधी तिचा आवाका ओळखावा, कारण ‘दोन रोपवेंमधली वाट’ या एकाच वर्णनात फार वेगवेगळ्या गोष्टी बसतात. फ्रान्समधील शामोनीच्या दरीवर प्लाँप्राझ आणि फ्लेजेर ही दोन रोपवे स्थानके आहेत. त्यांची उंची अनुक्रमे सुमारे २००० आणि १८७७ मीटर असून मधली वाट उतारावरून आडवी जाते. समोर माँ ब्लाँ पर्वताचा शिखरसमूह ठेवून साधारण दोन तासांत ती चालून होते. स्वित्झर्लंडमधील श्टोस गावाच्या वर क्लिंगेनश्टॉक आणि फ्रोनआल्पश्टॉक या दोन शिखरांना जोडणारी वाटही सुमारे दोन तासांचीच आहे, पण ती खऱ्या अर्थाने धारेवरून जाते. तिथे दोन्ही टोकांना बंद डब्यांऐवजी दोरावरच्या उघड्या खुर्च्या आहेत. जपानमधील हाकुबा परिसरात हाप्पोच्या रोपवेने चढून, २६९६ मीटर उंचीचे कारामात्सु शिखर गाठून, पुढे गोर्युच्या बाजूच्या गंडोलापाशी, म्हणजे बंद डब्यांच्या रोपवेपाशी, उतरणारी धार आहे. तिथे बहुतेक जण वाटेतील निवाऱ्यात एक रात्र काढतात. तिन्हींचे वर्णन एकाच वाक्यात होत असले, तरी तिसऱ्या चालीची तयारी पहिलीच्या अनुभवावर करता येणार नाही.

वाट ठरली की सर्वांत आधी दोन्ही रोपवेंची वेळापत्रके शेजारी शेजारी ठेवून वाचावीत. डोंगरातील बरेच रोपवे वर्षभर अखंड चालत नाहीत. हिवाळी आणि उन्हाळी हंगामांच्या मधल्या काळात देखभालीसाठी ते काही आठवडे बंद असतात, आणि शेजारच्या दोन रोपवेंच्या बंदच्या तारखा सारख्याच असतील असे नाही. तारीख जुळल्यावर तास पाहावेत. वर जाणारी शेवटची फेरी आणि खाली येणारी शेवटची फेरी यांच्या वेळा वेगळ्या असतात, आणि आपल्या उपयोगाची वेळ दुसरी असते. रोपवे दोन टप्प्यांचा असेल, तर वरचा टप्पा खालच्यापेक्षा लवकर बंद होऊ शकतो. वरच्या स्थानकावरून शेवटची फेरी गेली आणि मधल्या स्थानकापर्यंत पायी उतरायची वेळ आली, असा प्रसंग केवळ वेळापत्रकाची दुसरी ओळ न वाचल्याने ओढवतो. काही लहान रोपवे दुपारी जेवणाच्या वेळेत थांबतात. गर्दीच्या दिवशी शेवटच्या तासाला उतरणाऱ्यांची रांग लागते. म्हणून शेवटची फेरी पाच वाजता असेल, तर आपली पोहोचण्याची वेळ चार धरावी आणि पुढची सगळी गणिते त्या चार वाजण्यावर करावीत.

तिकिटाबाबत थोडक्यात सांगायचे, तर एका रोपवेचे फक्त चढण्याचे आणि दुसऱ्याचे फक्त उतरण्याचे तिकीट लागते. दोन्ही एकाच संस्थेकडे असतील तर या चालीसाठी जोडतिकीट मिळते का, हे खिडकीवर विचारावे. सवयीने जाण्यायेण्याचे तिकीट काढू नये. मात्र हवामान अनिश्चित असेल आणि मागे फिरण्याची शक्यता वाटत असेल, तर परतीचे तिकीट वरच्या स्थानकावर मिळते का, हेही निघण्यापूर्वी माहीत असावे.

चालीची दिशा हा या नियोजनातला सर्वांत रसाळ प्रश्न आहे. नकाशा उघडल्यावर पहिला विचार उंचीचा येतो, आणि उंच स्थानकाकडून सखल स्थानकाकडे जावे हे वरवर पटतेही. हाकुबाच्या धारेवर हाप्पोच्या बाजूने सुरुवात केली तर सुमारे १८३० मीटरवरून चालायला लागतो, तर गोर्युच्या बाजूचे वरचे स्थानक त्याहून सुमारे तीनशे मीटर खाली आहे. एवढा चढ वाचणे लहान गोष्ट नाही. तरीही उंची हा एकच निकष पुरत नाही. ज्या टोकाचा रोपवे संध्याकाळी उशिरापर्यंत चालतो, ते टोक शेवटी ठेवणे बहुधा शहाणपणाचे ठरते. ज्या टोकापासून दरीत उतरणारी सोपी, रुंद पायवाट किंवा जीपरस्ता आहे, तेही शेवटी असावे, कारण रोपवे बंद पडला तर तीच आपली सुटकेची वाट असते. अवघड जागा, म्हणजे साखळ्या, शिड्या, घसाऱ्याचे उतार, पाय आणि डोके ताजे असताना सकाळीच पार व्हाव्यात अशी दिशा घ्यावी. शिवाय खडकाळ टप्पा चढताना जितका सोपा जातो, तितका उतरताना जात नाही. हे सारे निकष एकाच दिशेला बोट दाखवतील असे क्वचितच घडते. तसे न झाल्यास मी शेवटच्या फेरीच्या वेळेला आणि पायी उतरण्याच्या सोयीला उंचीपेक्षा अधिक वजन देतो.

आता वेळेचे गणित. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला नियम आजही वापरला जातो. सपाटीवर ताशी सुमारे पाच किलोमीटर धरावेत आणि दर सहाशे मीटर चढाईसाठी एक तास मिळवावा, असे तो साधारणपणे सांगतो. हा नियम सशक्त माणसाचा आहे आणि उतरण्यासाठी तो वेगळा वेळ देत नाही. धारेच्या चालीसाठी मला आल्प्समध्ये रूढ असलेली पद्धत अधिक विश्वासार्ह वाटते. तीत सपाटीवर ताशी चार किलोमीटर, चढताना ताशी तीनशे मीटर आणि उतरताना ताशी पाचशे मीटर धरतात. आडव्या अंतराचा वेळ आणि चढउताराचा एकत्रित वेळ वेगवेगळा काढून, त्यांपैकी जो मोठा असेल तो पूर्ण आणि लहान असेल तो निम्मा घेऊन बेरीज करतात.

उदाहरणार्थ, धार नऊ किलोमीटरची असून तिच्यावर एकूण पाचशे मीटर चढ आणि सातशे मीटर उतार आहे असे समजू. आडव्या अंतराला सव्वादोन तास लागतात. चढाला एक तास चाळीस मिनिटे आणि उताराला एक तास चोवीस मिनिटे, मिळून तीन तास चार मिनिटे होतात. मोठ्या आकड्यात लहान आकड्याचा निम्मा भाग, म्हणजे एक तास आठ मिनिटे मिळवली, की सुमारे चार तास बारा मिनिटे निघतात. नेस्मिथ यांच्या नियमाने हीच चाल सुमारे दोन तास चाळीस मिनिटांत संपायला हवी. ही दीड तासाची तफावतच शेवटची फेरी मिळणार की चुकणार हे ठरवते. या चार तास बारा मिनिटांत खाणे, पाणी, छायाचित्रे आणि वाट शोधणे यांसाठी निदान एक तास मिळवावा. चार वाजता पोहोचायचे असेल, तर पावणेअकराच्या आत पहिले पाऊल धारेवर पडले पाहिजे. सकाळच्या पहिल्या फेरीने गेल्यास नऊलाच चालायला लागता येते, आणि हाती उरलेले पावणेदोन तास हीच दिवसाची खरी शिल्लक असते. स्वित्झर्लंडच्या पिवळ्या मार्गफलकांवर लिहिलेल्या वेळांत विश्रांती धरलेली नसते, हेही इथेच लक्षात ठेवावे.

या हिशोबात एकूण चढ मोजताना बहुतेकांची चूक होते. दोन स्थानकांच्या उंचीतील फरक म्हणजे चढ नव्हे. क्लिंगेनश्टॉक आणि फ्रोनआल्पश्टॉक यांच्या उंचीत फार तर पंधरा मीटरचा फरक आहे, पण मधली धार करवतीच्या दात्यांसारखी खाली उतरते आणि पुन्हा चढते, त्यामुळे पाय त्या पंधरा मीटरच्या कितीतरी पट चढतात. नकाशावर प्रत्येक खिंड आणि प्रत्येक उंचवटा यांच्या उंची लिहून काढाव्यात आणि प्रत्येक चढ स्वतंत्रपणे मिळवावा.

नकाशावर दिसत नाही ती म्हणजे उंचीची भीती. वाट रुंद असूनही दोन्ही बाजूंना खोल दरी पाहिल्यावर काहींचे पाय थिजतात, आणि रोपवेने थेट माथ्यावर आलेल्या माणसाला त्या उंचीची सवय व्हायला वेळच मिळालेला नसतो. स्विस आल्पाइन क्लबची टी १ ते टी ६ अशी काठिण्यश्रेणी आहे. तिच्यातील टी ३ पासून तोल सावरायला हात लागू शकतात आणि उघड्या जागी दोर किंवा साखळ्या असू शकतात. स्वित्झर्लंडमध्ये पांढऱ्या-लाल-पांढऱ्या पट्ट्यांची खूण डोंगरवाटेची, तर पांढऱ्या-निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची खूण त्याहून अवघड आल्पाइन वाटेची असते. गटातील सर्वांत बिचकणाऱ्या माणसाला झेपेल तीच श्रेणी निवडावी. हंगामाच्या सुरुवातीला उत्तरेकडच्या घळींत घट्ट बर्फ उरलेला असतो. असा वीस मीटरचा तिरपा पट्टाही वाट अडवू शकतो, म्हणून वरच्या स्थानकावरील कर्मचाऱ्यांना वाटेची आजची स्थिती विचारावी.

धारेवर उभे असताना तीनच पर्याय असतात: पुढे जाणे, मागे फिरणे, किंवा मधल्याच एखाद्या खिंडीतून दरीत उतरणे. या तिसऱ्या वाटा घरीच नकाशावर शोधून ठेवाव्यात, आणि त्यांतली प्रत्येक वाट कोणत्या गावात पोहोचते व तिथून परतीचे वाहन मिळते का, हेही पाहावे. बाजूच्या प्रत्येक सोंडेवरून उतरता येत नाही, आणि वरून सौम्य दिसणारा गवताळ उतार खाली कड्यावर संपू शकतो, म्हणून केवळ खुणा असलेल्या वाटाच पर्याय मानाव्यात. त्यानंतर धारेच्या मध्याजवळची एखादी ठळक खिंड निवडून तिच्यासाठी दोन वेळा लिहाव्यात. पहिली वेळ पुढे जाण्याची मर्यादा सांगते: तिथून निघून चारच्या आत पलीकडे पोहोचता येईल अशी शेवटची घटका. दुसरी मागे फिरण्याची मर्यादा सांगते: तिथून परत जाऊन पहिल्या रोपवेची शेवटची फेरी गाठता येईल अशी शेवटची घटका. या दोन्ही वेळा टळल्या की फक्त पायी उतरणे उरते. खिंडीत पोहोचल्यावर घड्याळ आणि कागद यांनी निर्णय करावा. समोरचे शिखर किती जवळ दिसते यावर तो सोपवू नये.

हवामानाचा विचार दोन अंगांनी करावा लागतो, कारण जे वादळ चालणाऱ्याला धोकादायक असते तेच रोपवेही थांबवते. जोराचा वारा सुटला किंवा विजा कडाडू लागल्या की रोपवे बंद केला जातो, मग वेळापत्रक काहीही म्हणो. उन्हाळ्यात डोंगरावर गडगडाटी ढग बहुधा दुपारनंतर चढतात, आणि धारेवर आडोसा नसतो, म्हणून अशा दिवसांत दुपारपूर्वी धार संपेल असा बेत करावा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून त्यांना तीनने भागले की विजेचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. हे सेकंद तीसपेक्षा कमी असतील, तर माथा आणि लोखंडी साखळ्या सोडून खालच्या बाजूस सरकावे. उंचीबरोबर तापमान दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी घटते आणि वारा ते आणखी बोचरे करतो, त्यामुळे दरीतल्या उन्हाला भुलून वाराप्रतिबंधक जाकीट खाली ठेवू नये.

पाण्याची सोय पूर्णपणे पाठीवर असावी, कारण धारेवर झरे नसतातच म्हटले तरी चालेल. पाऊस दोन्ही बाजूंना वाहून जातो आणि पाझर खूप खाली फुटतात. अर्ध्या दिवसाच्या चालीला माणशी दोन लिटर हे किमान आहे. त्यासोबत कपाळावरचा दिवा, कागदी नकाशा आणि पूर्ण भरलेला फोन असावा. युरोपभर आपत्कालीन क्रमांक ११२ आहे. संपर्क नसेल तर आल्प्समधील संकटखूण वापरतात: मिनिटाला सहा वेळा शिटी किंवा प्रकाश, मग एक मिनिट थांबून पुन्हा तेच. उत्तर मिनिटाला तीन वेळा येते.

वाहनाचा क्रम मात्र अनेक जण उलटा लावतात. गाडी सुरुवातीच्या दरीत ठेवली, तर संध्याकाळी रोपवे आणि बस अशा दोन शेवटच्या फेऱ्या गाठाव्या लागतात. त्याऐवजी चाल जिथे संपणार त्या पायथ्याशी सकाळी गाडी ठेवावी आणि बसने किंवा रेल्वेने सुरुवातीच्या रोपवेपर्यंत जावे. सकाळचा अर्धा तास अधिक जातो, पण संध्याकाळी खाली उतरल्यावर कशाचीही घाई उरत नाही. मुक्काम करायचा असल्यास तोही याच टोकाला असावा.

प्रत्यक्ष सकाळी पहिला फोन शेवटच्या टोकाच्या रोपवेला करावा. सुरुवातीचा रोपवे चालू आहे की नाही ते तिथे गेल्यावर डोळ्यांनी दिसतेच, पण आपण सहा तासांनी ज्यावर अवलंबून असणार तो आज चालू आहे का, वाऱ्यामुळे लवकर बंद होण्याची शक्यता आहे का, आणि वरच्या स्थानकावरून खाली येणारी शेवटची फेरी नेमकी किती वाजता आहे, हे तीन प्रश्न विचारून उत्तरे वेळांच्या कागदावर लिहावीत. उत्तर डळमळीत आले, तर त्या दिवशी पहिल्या रोपवेनेच वर जाऊन खिंडीपर्यंत चालावे आणि त्याच वाटेने परत यावे.