डेलिया कुरतडतंय कोण? आधी बॅटरी, मग पंप

गणपती उठले की कोल्हापुरात डेलियाची लगबग सुरू होते. छाटकलमांना मुळ्या फुटलेल्या असतात, वाळूत जपलेल्या कंदांचे डोळे वर आलेले असतात. दसऱ्याच्या आसपास रोपं जागेवर गेली तर डिसेंबर-जानेवारीत ताटलीएवढं फूल बघायला मिळतं. पण नेमका याच दिवसांत परतीचा पाऊस असतो. जमीन ओली, बांधावर तण माजलेलं आणि त्या तणाच्या बुडाशी गोगलगायी दबा धरून. संध्याकाळी हौसेनं लावलेल्या रोपाचा सकाळी नुसता देठ उरलेला दिसतो.

मग माणूस खाल्लेलं पान खिशात घालून दुकानात जातो, एक बाटली आणतो आणि पंप भरतो. दोन दिवसांनी पुन्हा तेच. कारण साधं आहे. गोगलगाय हा कीटक नव्हे, मृदुकाय प्राणी आहे. अळ्या-मावा मारणाऱ्या नेहमीच्या फवाऱ्यानं तिचं फारसं काही बिघडत नाही. उलट तिला खाणारे भुंगेरे आणि मित्रकिडे मात्र मरतात. म्हणून माझं पहिलं सांगणं एवढंच: फवारणीआधी दोन रात्री जाऊन बघा. जेवणं झाल्यावर, नऊ-साडेनऊच्या सुमारास, बॅटरी घेऊन. एक रात्र पावसाची निवडा, एक कोरडी. पानांच्या खालची बाजू, खोडाचं बूड, कुंडीची कड, आधाराच्या काठीचं टोक, सगळीकडे उजेड टाका. डेलियाचे निम्मे शत्रू रात्री जेवतात आणि दिवसा लपतात. सकाळी आपल्याला दिसतात ती फक्त उष्टी पानं.

रात्री जाणं जमलं नाही तर सकाळच्या खुणा वाचा. पानावर किंवा मातीवर वाळलेल्या शेंबडासारखी चकाकणारी रेघ असेल तर ती गोगलगाय, शंखाची किंवा बिनशंखाची. रेघ नाही, पण पानाला भोकं आहेत आणि खालच्या पानावर काळसर-हिरवे दाणे पडलेत, तर ती अळीची विष्ठा. अळी तिथंच कुठंतरी पानाखाली किंवा कळीत असते. रोप जमिनीलगत कापून आडवं पडलं असेल तर त्याच्या बुडाची दोन बोटं माती उकरा, वेटोळं करून बसलेली राखाडी अळी सापडेल. आणि रोप कुठं कुरतडलेलं नसतानाही दुपारी मान टाकत असेल, पाणी देऊनही उठत नसेल, तर वर बघू नका. दुखणं मुळाशी आहे.

आता गोगलगायींचं बोलू, कारण लागवडीनंतरच्या पहिल्या महिन्यात सगळ्यात मोठं नुकसान त्याच करतात. रोप गुडघ्याएवढं झालं, खोड निबर झालं की त्यांचा धोका बराच कमी होतो. तोवरचे चार-पाच आठवडे राखण करायची. शंखी गोगलगायीनं २०२२ साली लातूर, बीड, उस्मानाबाद भागात कोवळ्या सोयाबीनचा कसा फडशा पाडला ते आठवत असेल. तीच मोठी आफ्रिकी गोगलगाय आपल्या परड्यातही येते. तिच्यात नर-मादी एकाच अंगात असतात, त्यामुळे प्रत्येक गोगलगाय अंडी घालू शकते, तीही एका वेळी शंभरावर. साबुदाण्यापेक्षा थोडी मोठी, पिवळसर पांढरी अंडी भुसभुशीत ओल्या मातीत पुंजक्यानं घातलेली असतात. वाफा खणताना असा पुंजका दिसला तर चिरडून टाका किंवा बादलीतल्या मिठाच्या पाण्यात टाका. या एका पुंजक्यानं पुढच्या कित्येक रात्रींची धावपळ वाचते.

पकडण्यासाठी आपल्या गावातलीच वस्तू उपयोगी पडते, ती म्हणजे गूळ. पाण्यात गूळ कालवून त्यात जुनं बारदान भिजवा आणि दिवस मावळताना वाफ्यांच्या मधे पसरून ठेवा. गोडसर वासाला आणि ओलाव्याला गोगलगायी खाली जमतात. सकाळी ऊन चढायच्या आत बारदान उलटा आणि सापडतील तेवढ्या गोळा करून मिठाच्या किंवा साबणाच्या दाट पाण्यात बुडवा. हातमोजे घालाच, नसतील तर प्लास्टिकची पिशवी हातात घाला. या गोगलगायींच्या अंगात माणसाच्या मेंदूपर्यंत जाणारा कृमी असू शकतो, म्हणून उघड्या हातानं धरायच्या नाहीत आणि पोरांना खेळायला द्यायच्या नाहीत. बिनशंखाच्या गोगलगायींसाठी पसरट वाटी मातीत पुरून तिच्यात गूळपाणी आणि चिमूटभर यीस्ट घाला. आंबूस वासानं त्या येऊन बुडतात. वाटीची कड मातीच्या बोटभर वर ठेवा, म्हणजे रात्री फिरणारे भुंगेरे आत पडत नाहीत. ते भुंगेरे गोगलगायींची पिल्लं खातात.

मीठ मात्र बादलीतच. एका वर्षी मी चिडून वाफ्याच्या कडेनं मीठ पेरलं होतं. गोगलगायी मेल्या, पण पुढच्या पावसात ते मीठ मुळांशी गेलं आणि कडेच्या रोपांची पानं टोकांकडून करपत गेली. त्या ओळीला त्या वर्षी धड एक फूल आलं नाही. चुन्याचा चार बोटं रुंद पट्टा बांधाच्या कडेनं चालतो, पण कोरडा असेपर्यंतच. सर पडली की पुन्हा टाकावा लागतो. राखेचंही तसंच. अंड्याची टरफलं पसरण्याचा उपाय बरेच जण सांगतात, मला त्याचा उपयोग दिसलेला नाही. त्यापेक्षा पाणी सकाळी द्यायची सवय लावा. संध्याकाळी पाणी दिलं की रात्रभर जमीन ओली राहते, म्हणजे आपणच गोगलगायीला पायघड्या घातल्या.

पाचटाबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगतो. आपल्याकडे उसाचं पाचट मुबलक, आणि आच्छादन म्हणून ते उत्तमच आहे. पण सप्टेंबर-ऑक्टोबरात डेलियाच्या बुडाशी पाचट टाकलंत तर गोगलगायींना दिवसा झोपायला गादी मिळते. पाऊस पूर्ण थांबून थंडी लागल्यावर टाका, आणि तेही खोडापासून वीतभर लांब. पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरी, गगनबावड्याकडे जास्त पाऊस आणि झाडी असल्यानं तिथल्या मंडळींनी दिवाळीपर्यंत थांबलेलं बरं. शिरोळ, हातकणंगल्याकडे जमीन लवकर सुकते, तिथं थोडं आधी चालेल.

एवढं करूनही आवरत नसेल तर मेटाल्डिहाइड २.५ टक्क्यांच्या गोळ्या आहेत. शिफारस एकरी २ किलोची आहे, म्हणजे गुंठ्याला फक्त ५० ग्रॅम. मूठभर ढीग करून ठेवू नका, संध्याकाळी पाऊस नसताना तुरळक पसरा. हे विष कुत्री, मांजरं, कोंबड्या, जनावरं यांनाही मारतं, आणि गोळीचा वास कुत्र्याला ओढतो. ज्या घरी मोकळं जनावर किंवा रांगतं मूल आहे, तिथं हे वापरू नका, बारदानावरच भागवा. मेलेल्या गोगलगायी गोळा करून खोल पुरा, कारण पक्षी त्या खातात. आपल्या परड्यात खोल आवाजात हूप-हूप करत फिरणारा भारद्वाज गोगलगायी खातो, आणि मे-जूनमध्ये राधानगरीला आपण ज्या काजव्यांसाठी जातो, त्यांच्या अळ्याही गोगलगायींवरच वाढतात. हे राखणदार फुकटचे आहेत, त्यांना जपा.

आता तो शेपटीला चिमटा असलेला तपकिरी किडा, ज्याला इअरविग म्हणतात. युरोप-अमेरिकेतले डेलियावाले त्याच्या नावानं बोटं मोडतात, कारण तिथं तो रात्री येऊन पाकळ्या आणि कोवळे शेंडे कुरतडतो. त्यांचे व्हिडिओ बघून आपल्याकडेही फुलात हा किडा दिसला की पंप काढला जातो. मी बॅटरी घेऊन बघितलं तेव्हा बहुतेक वेळा पाकळ्या अळीनं खाल्लेल्या होत्या आणि हा नुसता आडोशाला येऊन बसला होता. तो मावाही खातो. त्याची मादी अंड्यांची राखण करते, पिल्लं निघाली तरी काही दिवस त्यांच्याजवळ थांबते, इतका तो संसारी आहे. कानात शिरतो ही भीतीही निराधार. तेव्हा रात्री तो पाकळी कुरतडताना डोळ्यांनी दिसला तरच त्याच्या मागे लागा. लहान कुंडीत वाळलेलं गवत कोंबून ती आधाराच्या काठीवर पालथी घाला, किंवा वर्तमानपत्राची ओलसर गुंडाळी फुलाच्या खाली बांधा. पहाटे तो तिथं लपायला जातो, सकाळी साबणपाण्यात झटका. त्याला मासळीच्या वासाची ओढ असते, म्हणून उथळ डबीत थोडं गोडेतेल आणि सुकटाचा चुरा घालून मातीलगत ठेवली तरी तो पडतो. डबीवर जाळी ठेवा, नाहीतर मांजर आधी पोचेल.

मुळाशी दुखणं म्हटलं ते बहुतेक वेळा हुमणीचं, म्हणजे मुळं खाणाऱ्या अळीचं. ऊसपट्ट्यातल्या माणसाला हुमणी काय ते सांगायला नको. डेलियात ती येते कच्च्या शेणखतातून. खत पूर्ण कुजलेलं, मातीसारखं झालेलंच घाला, आणि घालण्याआधी उन्हात पसरून इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या पांढऱ्या अळ्या वेचा. शेजारी कोंबड्या असतील तर तासभर सोडा, त्यांच्याइतकी नजर आपल्याला नाही. हुमणीला मारणाऱ्या मेटारायझियम बुरशीची पावडर कुजलेल्या खतात मिसळून लागवडीच्या वेळी दिली तर चांगली. जमिनीत ओल असताना द्या, कोरड्या मातीत ती बुरशी वाढत नाही.

अळ्यांसाठी आधी हातानं वेचणी, दोन-चार झाडांना तेवढी पुरते. जास्त असतील तर संध्याकाळी बॅसिलस थुरिंजिएन्सिस (अळ्या मारणाऱ्या जिवाणूचं औषध), लिटरला २ ग्रॅम. मावा शेंड्यावर येतो, पाठोपाठ मुंग्या येतात. आधी पाण्याचा जोरदार फवारा, मग ५ टक्के निंबोळी अर्क. माव्याकडे दुर्लक्ष करू नका, कारण तो एका झाडाचा मोझॅक विषाणू दुसऱ्यावर नेतो. पान पिवळ्या-हिरव्या ठिगळांचं, झाड खुजं, असं दिसलं तर कंदासकट उपटून बाहेर टाका. कितीही लाडकी जात असली तरी त्याचं छाटकलम लावू नका. थंडीत फुलकिडे पाकळ्यांवर करड्या रेघा पाडतात, त्यांच्यासाठी निळे चिकट सापळे कळ्यांच्या उंचीला लावा. फेब्रुवारीच्या उन्हात पानाखाली बारीक जाळी आणि पिवळे ठिपके दिसले की तो लाल कोळी. पानांच्या खालून पाणी मारा, नाही आटोपलं तर पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम, कडक उन्हात नाही आणि निमतेल मारल्यापासून दोन आठवडे तरी नाही. यापुढचं रासायनिक औषध लागलंच तर खाल्लेलं पान आणि सापडलेला किडा डबीत घालून कणेरीच्या किंवा तळसंद्याच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा आणि मग घ्या. फूल उमललेलं असताना कुठलीही फवारणी दिवस मावळल्यावर, मधमाश्या परतल्यावर.

मार्चमध्ये झाड वाळायला लागलं की पाणी तोडा आणि कंद काढा. धुतल्यावर प्रत्येक कंद मानेपाशी निरखून बघा. कापसासारखा पांढरा पुंजका असेल तर पिठ्या ढेकूण, मुळांवर गाठी असतील तर सूत्रकृमी. असे कंद बाजूला काढा, बाकीचे सावलीत सुकवून कोरड्या वाळूत ठेवा. ज्या कुंडीतून ते निघाले, तिची माती एप्रिलच्या उन्हात प्लास्टिकच्या कागदावर पातळ पसरून पंधरा दिवस तापवा. आणि कुंडी पालथी करून तळाच्या भोकात बोट घालून बघा, उन्हाळ्यात तोंड बंद करून बसलेली गोगलगाय बहुधा तिथंच सापडते.